मथुराअक्कांचं नाव

संपादकांचा फोन आला, "सर, धुळ्यातला पहिला कॉम्प्युटर क्लास तुमचा. दिवाळी अंकासाठी त्यावर लिहा." पहिला नव्हता, तिसरा होता. आधी पाचव्या गल्लीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशीनं गंजायला लागली तेव्हा कर्ज काढून तीन कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'टायपिंग' खोडून 'संगणक' रंगवून घेतलं. त्या क्लासबद्दल मी रोटरीत बोललोय, शाळांत बोललोय. आता पुन्हा काय सांगायचं?

पण त्या क्लासच्या मागच्या खोलीत मी तीनेक वर्षं आणखी एक धंदा केला. त्याबद्दल मी कुठेच बोललो नाही. घरच्यांच्या मते ती माझी सगळ्यात मोठी हुशारी. बायको अजूनही पाहुण्यांना सांगते, "यांनी त्या काळात नुसती नावं विकून दोन कॉम्प्युटर आणले!" पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघतात आणि मी चहाचे रिकामे कप उचलून आत नेऊन ठेवतो.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर त्याला एक नाव लागतं, पुढे डॉट कॉम लावलेलं. एक नाव जगात एकदाच मिळतं. जो आधी मागेल त्याचं. तुमच्या आजोबांपासून दुकानाचं नाव तेच असेल, गावात सगळे तुम्हाला त्याच नावानं ओळखत असतील, तरी तिकडे कोणी विचारत नाही. दोन वर्षांची फी भरली की नाव तुमचं. अट एकच, नावापुढे मालकाचं नाव, पत्ता, फोन नोंदवायचा, आणि ती नोंद जगात कोणालाही उघडून पाहता यायची.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यातून इंटरनेटला लागायचं तर नाशिकला एसटीडी लावावी लागे. मोडेम किंचाळायचा, लागायचा, तुटायचा. फी डॉलरमध्ये. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला होता. तो तिकडे कार्डावर डॉलर भरायचा आणि मी इकडे मावशीला रुपये नेऊन द्यायचो. मावशीला वाटायचं, मुलगा पैसे पाठवतोय. ती माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची.

माल म्हणाल तर तो रस्त्यावरच पडलेला होता. आग्रा रोडवरच्या पाट्या, लग्नपत्रिकांवरची 'आपले विनीत', एसटीच्या मागच्या जाहिराती, कॅलेंडरं. एखादं नाव नावारूपाला आलेलं दिसलं की मी वहीत टिपून ठेवायचो. सकाळी क्लास भरायच्या आधी नाशिक लागलं की एकेक नाव टाकून बघायचो. मोकळं निघालं आणि खिशात पैसे असले की घ्यायचं. मग मालकाला रजिस्टर पोस्टानं पत्र: 'आपले सुप्रसिद्ध नाव इंटरनेटवर उपलब्ध असून ते सध्या आमच्याकडे सुरक्षित आहे.' 'सुरक्षित' हा शब्द मला फार आवडायचा.

साठेक नावं घेतली, अकरा विकली. पण गिऱ्हाइकं एकेक नमुना. जळगावच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठजींनी विचारलं, "घेतो मी. पण नाव ठेवलंय कुठं? दाखव." मी स्क्रीनवर दाखवलं. ते म्हणाले, "हे तर टीव्ही बंद केला की जाईल." शेवटी शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून दिलं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, तेव्हा त्यांना नाव हातात आल्यासारखं वाटलं. एक ज्योतिषी होते, त्यांना नावातल्या अक्षरांची बेरीज पाच हवी होती. बेरीज जमवता जमवता त्यांचं आडनाव अर्धं गळून पडलं. सोनगीरजवळ हायवेवर एक ढाबा होता. मालकानं नाव घेतलं, वेबसाइट काही केली नाही, पण पाटीवर तांबड्या अक्षरांत डॉट कॉम रंगवून घेतलं. तो मला सांगायचा, "सर, ट्रकवाले आत येऊन इचारतात, ही डॉट कॉम भाजी कशी प्लेट?"

हे सांगताना आजही मजा वाटते. त्या काळी वाटायचं, आपण कोणाचं काही घेत नाही. पडलेलं उचलतो. ज्याला हवं तो मोल देतो. यात वाईट काय?

देवरे गुरुजी क्लासवर आले ती वेळ दुपारची होती. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा-बारा वर्षं झाली असतील. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत त्यांना माणसं ओळखत, पण त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या बहिणीला, मथुराअक्कांना. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. माहेरी परत आल्या त्या कायमच्या. त्यांचं पुन्हा लग्न करायचं धाडस त्यांच्या वडिलांना झालं नाही, आणि गुरुजी हाताशी आले तोवर अक्कांनीच नको म्हटलं. पुढे या भावा-बहिणीनं देवपुरातल्या आपल्या दोन खोल्यांत विधवा, टाकलेल्या, काडीमोड झालेल्या बायकांची लग्नं जुळवायचं काम सुरू केलं. फी नाही. नाव असं काही ठेवलं नव्हतं. लोकच म्हणायचे, 'मथुराअक्काकडे नोंदव.'

अक्का चौथी शिकलेल्या, पण वह्या त्याच ठेवत. बायकांचे फोटो मात्र वहीत नसत. ते एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली अक्कांच्या कमरेला. मुलाकडची माणसं घरी आली, अक्कांनी त्यांना दोन तास पारखलं, मग बाईला विचारलं, ती हो म्हणाली, की मग फोटो बाहेर निघायचा. तोही तिथेच बघायचा आणि परत द्यायचा. कोणी म्हटलं, घरी नेऊन दाखवतो, तर अक्का अहिराणीत म्हणायच्या, "फोटो घर घर फिरना ते पोरनं कसं व्हई?"

तर गुरुजी म्हणाले, "बोरसे सर, आमचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत आहे. तो म्हणतो, हे काम इंटरनेटवर आणा, लांबलांबची चांगली स्थळं कळतील. नुसती माहिती द्यायची, नावं-फोटो नाहीत. त्याला एक नाव लागतं म्हणे. अक्काचंच नाव मिळेल का, एवढं बघता?"

मी नाशिक लावलं. नाव टाकलं. मिनिटभरानं उत्तर आलं.

"मोकळं आहे, गुरुजी."

त्यांना कोण आनंद झाला. म्हणाले, "अक्काला विचारतो आणि सोमवारी येतो. नाव तिचं आहे, तिला न विचारता कसं घेऊ?"

ते पायऱ्या उतरून गेले. माझ्यासमोर स्क्रीन तशीच होती. खरं सांगतो, मी फार विचारही केला नाही. सवयीचा हात होता. दोन जिल्ह्यांत पोचलेलं नाव, मोकळं. मी न्यू जर्सीला निरोप टाकला आणि नाव माझ्या नावावर करून घेतलं. मनाला सांगितलं, दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून. गुरुजींना थोडा नफा धरून देऊन टाकू.

सोमवारी गुरुजी आले. अक्का हो म्हणाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी फीचे पैसे काढले, सुटे करून आणलेले. आणि मी काय बोललो ते मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं.

"गुरुजी, घोटाळा झाला. मधल्या दिवसांत ते नाव कोणीतरी घेतलं."

"कोणी?"

"बाहेरचा माणूस आहे. पण मी बोललोय त्याच्याशी. दहा हजार म्हणतो. मी कमी करून बघतो."

गुरुजींनी सुटे पैसे पुन्हा मोजले. मग पैसे पिशवीत ठेवत म्हणाले, "कोणा परक्याला अक्काच्या नावाचं काय करायचं असेल हो?" थोड्या वेळानं उठले. "राहू द्या. आमचं पोस्टकार्डावर बरं चाललंय. स्वतःच्याच नावाला पैसे मोजायचे, हे अक्काला सांगवणार नाही."

मला वाटलं होतं, घासाघीस करतील. दोन-तीन हजारांत मी देऊनही टाकलं असतं. त्यांनी घासाघीस केली नाही आणि मीही जिन्यापर्यंत गेलो नाही. खोटं एकदा बोललं की ते मागं घ्यायला खऱ्यापेक्षा मोठं तोंड लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

दोन महिन्यांनी सामंत नावाच्या गृहस्थाचा फोन आला. मोठ्या शहरातला माणूस, आधी जाहिरातींचं काम करायचा, आता इंटरनेटवर लग्नं जुळवायची कंपनी काढत होता. तो आधी देवपुरात जाऊन आला होता. अक्कांच्या नावानं कंपनी चालवू, तुम्हाला वाटा देऊ, असं बोलला होता, आणि अक्कांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. मग त्यानं नावाची नोंद उघडून पाहिली, तर तिथे मी. त्यानं चाळीस हजार सांगितले. मी माझ्या क्लासच्या जुन्या मशीनांकडे बघितलं आणि हो म्हटलं.

नाव दुसऱ्याला द्यायचं तर नोटरीपुढे सही करून कागद अमेरिकेला फॅक्स करावा लागे. कोर्टाच्या आवारातला नोटरी म्हणाला, "नाव बदलताय? मग गॅझेटला द्या." मी हसलो. त्याला समजावून सांगितलं. त्यानं शिक्का मारला. चाळीस हजारांत त्या वेळी दोन नवे कॉम्प्युटर आले, आणि आम्ही घरी पेढे वाटले.

त्यानंतर सामंतनं खानदेशातल्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली: 'मथुराअक्का आता इंटरनेटवर! परदेशी व उच्चशिक्षित स्थळे. फोटो व माहिती पाठवा.' खाली पोस्ट बॉक्स नंबर. दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांना वाटलं, ही आपलीच अक्का. त्यांनी फोटो पाठवले. सामंतनं ते नाव-गाव-पत्त्यासकट सगळ्या जगाला दिसतील असे टांगून दिले. कोण विधवा, कोण टाकलेली, कोणाला मूल, सगळं.

मी हे पाहिलं होतं का? पाहिलं होतं. एकदा क्लासवर उघडलं, पाच-सहा फोटो खाली गेले आणि बंद केलं. माझा आता काय संबंध, असं म्हटलं.

सात-आठ महिन्यांनी गुरुजींचा निरोप आला, घरी येऊन जा. देवपुरात गेलो तर ओट्यावर एक तिशीची बाई आणि तिचे वडील बसलेले. बाईचं नाव प्रमिला. पहूरची, अंगणवाडी चालवायची. नवऱ्यानं लग्नानंतर दोन वर्षांत टाकलेलं, कोर्टातून काडीमोड झालेला. अक्कांनी तिचं जळगावच्या एका विधुराशी जुळवलं होतं. वसंतराव त्यांचं नाव, शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. सुपारी फुटली होती.

पण अक्कांकडे स्थळ लागायच्या आधी, जाहिरात वाचून प्रमिलानं सामंतच्या पत्त्यावरही फोटो पाठवला होता. तो अक्कांनाच पाठवतोय असं समजून. आता तिला पत्रं यायला लागली होती. सुरतेहून, इंदूरहून, आखाती देशांतून. परक्या पुरुषांची, नको नको ते लिहिलेली. पहूरच्या पोस्टात ती पत्रं आधी गावानं वाचली, मग तिनं. एक पत्र कोणीतरी जळगावला वसंतरावांच्या मामांकडे पोचवलं. मामांनी शहरात कुठेतरी इंटरनेटवर जाऊन फोटो बघितला आणि लग्न मोडायचा निरोप पाठवला.

प्रमिला म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, फोटो मी अक्कांना पाठवला. ते म्हणतात, अक्काकडे तर फोटो पेटीत असतात. म्हणजे तूच बाजारात मांडलास."

गुरुजी म्हणाले, "आम्ही जाऊन सांगितलं, ती कंपनी आमची नव्हे. त्यांना वाटतं, आम्ही आमची बाजू सावरतोय. सर, तुम्ही कॉम्प्युटरचे. तुम्ही सांगितलं तर पटेल."

एवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. काळ्या काठाचं लुगडं, बारीक अंग. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि शांतपणे विचारलं,

"भाऊ, मन्हं नाव इकाले तुले कोनी सांगं?"

त्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या भाच्यानं पहिल्याच महिन्यात नोंद उघडून बघितली होती आणि मालक म्हणून धुळ्याच्या बोरसेचं नाव कळवलं होतं. मी 'बाहेरचा माणूस' म्हटलं तो कोण, हे गुरुजींना तेव्हापासून ठाऊक होतं. त्यानंतर कितीदा आग्रा रोडवर गाठ पडली, कितीदा त्यांनी 'काय सर, बरंय ना?' म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "अक्का, चुकलो मी."

"ते व्हई गयं," त्या म्हणाल्या. "आते जळगावले चाल आनि खरं काय शे ते सांग. माले दुसरं काही नको."

मी तिथून घरी जाऊन सामंतला फोन लावला. नाव परत दे म्हटलं, चाळीसचे पन्नास देतो म्हटलं. तो म्हणाला, "बोरसे, तुम्ही धंद्यातले ना? मग धंद्यासारखं बोला," आणि फोन ठेवला. आपलीच भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती किती हलकी आहे ते समजतं. मग जळगावला जाणं हेच माझ्या हातात उरलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं अक्का, गुरुजी आणि मी निघालो. पारोळा, एरंडोल करत गाडी जळगावला लागली. वाटेत मी मनात वाक्य घोळवत होतो: ते नाव मी घेतलं, मी विकलं, या बाईची फसवणूक झाली. तीनच तुकडे होते. सहज बोलता येण्याजोगे.

मामांच्या बैठकीत गालिचा अंथरलेला होता. प्रमिला आणि तिचे वडील आधीच पोचले होते. वसंतराव भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते. मामा आतून आले आणि मला बघून थबकले.

"अरे, बोरसे सर! तुम्ही?"

मीही दचकलो. हे मामा म्हणजे जळगावच्या ज्या शिक्षणसंस्थेच्या चार शाळांत संगणक खोल्या उभारायचं काम निघणार होतं, तिचे सचिव. त्या कामासाठी मी दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो होतो. पुढच्या महिन्यात ते ठरणार होतं. त्यांचं घर हे, आणि वसंतरावांचे मामा ते हेच, हे मला माहीत नव्हतं.

पाणी झालं. मामा मोठ्या मानानं म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच सांगा सर, बाईनं स्वतः पाठवल्याशिवाय तिचा फोटो तिथे जाईल का?"

"पाठवल्याशिवाय नाही जाणार," मी म्हणालो.

ते खरंच होतं. त्याच्या पुढचं वाक्य बोलायचं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. गुरुजींनी हळूच म्हटलं, "सांगा ना, सर."

मी मामांकडे बघितलं. नावं चोरून विकणारा माणूस म्हटल्यावर चार शाळा मला कोण देणार होतं? मी म्हणालो, "इंटरनेटवर अशी गल्लत होते कधी कधी. सारखी सारखी नावं असतात. कोणाचा दोष म्हणून सांगता येत नाही."

प्रमिलानं माझ्याकडे एकदाच बघितलं. तिला वाटलं असेल, अजून बोलतील. मग मामा म्हणाले, "म्हणजे पाठवला तिनंच. झालं तर." आणि हात जोडले.

तिचे वडील उठताना अडखळले. वसंतराव चटकन पुढे झाले, त्यांना धरून जिन्यापर्यंत घेऊन गेले. काही बोलायला तोंड उघडलं, पण मामांकडे बघून परत आत गेले. तोही भित्रा आणि मीही. फरक एवढाच की त्यानं काही विकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. एरंडोल मागे पडलं. पुढे कापसाची शेतं लागली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बोलशी आसं माले वाटनं व्हतं." एवढंच. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते.

चार शाळांचं काम मला मिळालं. ते मी चांगलं केलं, हेही लिहितो. त्या पैशावर क्लास वाढला, वरचा मजला झाला.

अक्कांनी त्या पावसाळ्यानंतर काम बंद केलं. वह्या गुरुजींनी बांधून ठेवल्या. पेटीतले फोटो अक्कांनी कोणाला पोस्टानं पाठवले नाहीत. सत्तरी ओलांडलेली ती बाई एसटीनं गावोगाव गेली. नरडाणा, सोनगीर, पारोळा, कुठे कुठे, आणि एकेकीचा फोटो तिच्या हातात परत देऊन आली. मी एकदा गुरुजींना म्हटलं, गाडी करून देतो. ते म्हणाले, "ती घेणार नाही हो." तसं बोलतानाही त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त टोचलं.

सामंतचं दुकान दीडेक वर्षात बुडालं. माझी उरलेली नावं मी मुदत संपेल तशी सोडून दिली. एकही विकलं नाही. यात त्याग काही नाही. पत्र लिहायला बसलं की हात चालेना. आधी गुरुजी गेले, नंतर अक्का. अक्कांच्या अंत्ययात्रेला दोन्ही जिल्ह्यांतून बायका आल्या होत्या, लेकरांना घेऊन, नवऱ्यांना घेऊन. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

संपादकांचा फोन आल्यावर मी आधी पहूरला गेलो. प्रमिलाबाईंना विचारल्याशिवाय हे लिहायचं नाही, एवढं या वेळी कळत होतं. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. त्या अजून अंगणवाडी चालवतात. लग्न केलं नाही. भावाच्या मुलींना शिकवलं, त्यातली एक नर्स आहे. मी नाव सांगितलं तर त्या क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या, बसा."

मी सगळं सांगितलं, पहिल्या सोमवारपासून. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो असतो तर तुमचं लग्न झालं असतं."

"कोण जाणे," त्या म्हणाल्या. "मामा तसेही अडवणारच होते. तुम्ही बोलला असता म्हणून लग्न झालंच असतं असं नाही, सर. पण मी खोटी ठरले नसते. पुढं गावात कोणी विचारलं की मीच म्हणायचे, चुकलं असेल माझ्याकडून. म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं."

मी मान खाली घातली. म्हटलं, "हे लिहू का मी? तुमचं नाव बदलतो."

"नाव कशाला बदलता? माझंच लिहा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "जळगावला जातो का हो हा अंक?"

"जातो."

"मामा वारलेत. वसंतराव आहेत. मामांच्याच घरात राहतात, ऐकलंय."

मी निघालो तेव्हा त्यांनी केळ्यांची एक फणी बरोबर बांधून दिली, आपल्या भावाच्या मळ्यातली.

संपादकांना मी मानधन नको म्हणून कळवलं आहे. त्याऐवजी जळगावचा एक पत्ता दिला आहे. अंक तिथे पोचता करा म्हटलं आहे. वसंतराव, त्या बैठकीत जे बोलायला मी आलो होतो ते हे. मथुराअक्कांचं नाव मी त्यांच्या भावाशी खोटं बोलून घेतलं आणि परक्याला विकलं. प्रमिलाबाईंनी आपला फोटो कुठल्याही बाजारात मांडला नव्हता. त्यांनी तो अक्कांना पाठवला होता.